फोन कुणाच्या पैशाचा?

‘वाचक विचारतात’ या पानासाठी गेल्या महिन्यात विषय दिला होता: ब्लॉगर, यूट्यूबर, रीलवाले, आणि त्यांच्यामुळे कंपन्यांच्या जाहिरातींचं नि वर्तमानपत्रांतल्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांचं जे काय झालं ते. पत्रं भरपूर आली. त्यातल्या बऱ्याच जणांना ‘पंधरा हजारांत कुठला फोन घेऊ?’ एवढंच हवं होतं. ती पत्रं बाजूला ठेवली आहेत, राग मानू नये. नव्या वाचकांसाठी माझ्याविषयी दोन ओळी: पणजीच्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होते, तंत्रज्ञानाची पुरवणी माझ्याकडे होती. पुढे बंगळूरला एका पीआर एजन्सीत कंपन्यांच्या प्रेस नोटा लिहिल्या. म्हणजे प्रेस नोट कचऱ्याच्या डब्यात टाकणारीही मीच आणि लिहिणारीही मीच. आता म्हार्दोळला असते.

प्रश्न: ताई, डिचोलीत माझं मोबाइलचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, ‘बाब, कुठला बरा?’ आता आत शिरल्या शिरल्या स्वतःचा मोबाइल पुढे करतं, त्यात कुणीतरी व्हिडिओत सांगून ठेवलेलं असतं. रिपेअरला काय काय येतं ते मी रोज बघतो, पण माझं ऐकतो कोण? कंपनीचा माणूस पूर्वी बोर्ड करून द्यायचा, चवथीला स्कीम द्यायचा. आता म्हणतो, बजेट सगळं इन्फ्लुएन्सरकडे गेलं. आम्ही काय करायचं?
— मोबाइल विक्रेता, डिचोली

उत्तर: भाऊ, गिऱ्हाईक व्हिडिओवाल्यावर विश्वास ठेवतं ते अगदीच उगाच नाही. तो विश्वास आजच्या रीलवाल्याने कमावलेला नसेल, पण त्याच्या आधीच्यांनी कमावला होता. २००५ सालची गोष्ट. जेफ जार्विस नावाच्या अमेरिकन पत्रकाराने स्वतःचे पैसे मोजून डेलचा लॅपटॉप घेतला, घरी येऊन दुरुस्ती करण्याच्या सेवेचे जादा पैसेही भरले. लॅपटॉप बिघडला. कंपनी म्हणाली, घरी माणूस आला तरी त्याच्याकडे सुटे भाग नसतील, तेव्हा लॅपटॉपच पाठवून द्या. जार्विस भडकला आणि ब्लॉगवर लिहीत सुटला. ‘माझंही असंच झालं’ म्हणणारे शेकडो निघाले. डेल आधी गप्प बसली. २००६ मध्ये मात्र तिने स्वतःचा ब्लॉग काढला, तक्रारी शोधून उत्तरं देणारी माणसं बसवली. २००७ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी वेगळी साइट काढली. तिथे लोकांनी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातलेल्या लॅपटॉपचा घोशा लावला, आणि त्याच वर्षी डेलने उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेले लॅपटॉप विकायला काढले. हे कुठल्याही पुरवणीच्या संपादकाला जमलं नसतं. मला तर नाहीच.

जार्विसचं लोकांना पटलं कारण लॅपटॉप त्याच्या पैशाचा होता आणि मनस्तापही त्याचाच होता. कंपन्यांनी हे नीट हेरलं. गप्प बसवता येत नाही तर खायला घाला, हा विचार काही त्यांना फार उशिरा सुचला नाही. डिसेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि चिप बनवणाऱ्या एएमडीने विंडोज व्हिस्टा (विंडोजची तेव्हाची नवी आवृत्ती) घातलेले एसरचे महागडे फेरारी लॅपटॉप ब्लॉगरांना घरपोच पाठवले. बोंबाबोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टने कळवलं, की पाहून झाल्यावर परत करा नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. पुढे फोन गेले, तिकिटं गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनाला सॅमसंगने भारतातून ब्लॉगर नेले. तिथे पोचल्यावर त्यातल्या दोघांना सांगितलं, युनिफॉर्म घाला आणि स्टॉलवर उभं राहून लोकांना फोन दाखवा. ते म्हणाले, आम्ही लिहायला आलोय. मग हॉटेल आणि परतीचं तिकीट तुमचं तुम्ही बघा, असं उत्तर आलं. त्यांची सोय शेवटी कुणी केली, तर नोकियाने! सॅमसंगने मागाहून गैरसमज झाल्याचं म्हटलं. पण फुकटच्या तिकिटाची किंमत काय असते ते त्या दिवशी भारतातल्या प्रत्येक ब्लॉगरला कळलं असणार.

आता तुमचं. तुमच्या गल्ल्याखाली एक वही असणार: तारीख, मॉडेल, काय बिघडलं, किती घेतले. ती वही बंगळूरच्या स्टुडिओत बसणाऱ्याकडे नाही. त्याच्याकडे फोन आठ-दहा दिवस राहतो. तुमच्याकडे तोच फोन दीड वर्षाने येतो, चार्जिंगच्या भोकात मीठ साचलेला. गिऱ्हाइकांची नावं गाळून त्या वहीतलं सांगत जा. ‘या मे महिन्यात स्क्रीन बदलायला कुठली मॉडेलं आली, पार्ट किती दिवसांत मिळाला, कुठला मिळालाच नाही.’ कोंकणीत बोला, काउंटरवरच फोन टेकवून रेकॉर्ड करा, झगमगाट नको. चवथीच्या आधी तीन आठवडे सुरू करा, कारण खरेदी तेव्हाच होते. आणि एक पथ्य पाळा. ज्या मॉडेलवर कंपनी तुम्हाला जास्त मार्जिन देते, त्याचं बोलताना तेही सांगा. दुकानदाराचा हितसंबंध रीलवाल्यापेक्षा कमी असतो असं समजायचं कारण नाही.

प्रश्न: मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला तंत्रज्ञानावर लिहायचंय. सर म्हणतात, आधी वर्तमानपत्रात नोकरी कर. मैत्रिणी म्हणतात, तिथे पगार नाही, चॅनल काढ. ब्लॉगरांनी पत्रकारिता बिघडवली असंही वर्गात सांगतात. खरं काय?
— विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर: बिघडवायला ती आधी धड होती का, हे तुझ्या सरांना माझ्या वतीने विचार.

मी पुरवणी बघायचे तेव्हा फोनचं ‘लाँचिंग’ कसं व्हायचं ते सांगते. दिल्लीची एजन्सी, हॉटेल बांबोळीच्या बाजूचं, थंडगार हॉल. स्टेजवर धूर आणि संगीत. मग आम्हाला एका टेबलाकडे नेत. तिथे काचेवर पाच-सहा फोन मांडलेले, प्रत्येकाच्या पाठीला टेलिफोनच्या रिसीव्हरला असते तशी गुंडाळीची वायर चिकटवलेली. वायर ताणली की कानापर्यंतसुद्धा पोचायची नाही. एका पत्रकाराला पाच मिनिटं. त्यात काय कळणार? रंग कळायचा. मग घरी येऊन प्रेस नोटमधलं ‘आकर्षक’, ‘दमदार’, ‘खास तरुणाईसाठी’ उचलायचं आणि वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असं टाकायचं. जाताना ज्यूटची पिशवी मिळे, तीत पेन ड्राइव्ह आणि काजूचं पाकीट. गोव्याच्या पत्रकारांना दिल्लीवाल्यांनी काजू वाटायचे! एवढा एक विनोद सोडला तर त्या संध्याकाळचं काही लक्षात राहत नसे.

करोनानंतर बंगळूरला असताना अशाच एका कार्यक्रमात एक मुलगा आला. छोटं चॅनल, फार कुणी ओळखत नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू युनिट (वापरून बघायला कंपनी देते तो फोन) मागून घेतलं आणि आमच्याच ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये सलग गेम चालवत बसला. मधेच बॅगेतून कपाळावर धरायचं तापमापक यंत्र काढलं, लॉकडाऊनमध्ये घरोघर घेतलेलं, आणि फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याशेजारी धरलं. पहिल्यांदा आकडा दिसला. अर्ध्या तासाने आकडा गेला आणि नुसतं ‘हाय’ असं आलं. माणसाच्या अंगात एवढा ताप असूच शकत नाही, असं त्या यंत्राचं म्हणणं. त्याने ते तसंच दाखवलं, एक विशेषण न वापरता. कंपनीचा आमच्यावर फोन आला तो अर्थात संध्याकाळच्या आत. या फोनवर मोठ्या वर्तमानपत्रांत आठ-आठ कॉलम छापून आलं होतं, त्यात ‘गरम’ हा शब्द कुठे नव्हता. त्या मुलाला मी पत्रकारच म्हणेन.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १६ मे २००७. एन्गॅजेट हा तंत्रज्ञानाचा तेव्हाचा सर्वांत वजनदार ब्लॉग. त्यांच्या हाती ॲपलच्या कर्मचाऱ्यांना गेलेली एक ईमेल लागली: आयफोन ऑक्टोबरपर्यंत लांबणीवर. पहिला आयफोन तेव्हा बाजारात यायचा होता. त्यांनी ती लगेच टाकली. काही मिनिटांत ॲपलचा शेअर सुमारे ४ टक्के पडला, म्हणजे कागदावर जवळजवळ ४ अब्ज डॉलर गेले. ईमेल खोटी होती. कर्मचाऱ्यांच्या पेटीत ती खरोखरच पोचली होती, पण पाठवणारा कुणी भलताच. थोड्या वेळात खुलासा आला, शेअर वर चढला. मधल्या मिनिटांत ज्यांनी विकले ते बुडाले. आयफोन ठरल्याप्रमाणे जूनच्या अखेरीस आला.

एन्गॅजेटवाले लबाड नव्हते. घाईत होते. ‘ॲपलला एक फोन लावला का? दुसरा कुणी दुजोरा देतो का?’ असं ओरडणारा वृत्तसंपादक डोक्यावर असता तर दहा मिनिटं गेली असती आणि खोटी बातमी टळली असती. छापील अंकाची वेळ ठरलेली असते, त्यामुळे आम्हाला थांबण्याची सवय नाइलाजाने लागली. ती सवय चॅनलवर एकटीने लावून घेणं महाकठीण.

म्हणून माझं मत असं. दोन वर्षं डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात बसवतात तिथे, काढ. पगार नाहीच, तुझ्या मैत्रिणींचं बरोबर आहे. बातमीदार म्हणून नको, डेस्कच घे. दुसऱ्याने आणलेली बातमी कापताना जे दिसतं ते स्वतःची लिहिताना दिसत नाही. रात्री साडेअकराला पान सोडताना कंपनीच्या जाहिरातीसाठी बातमी आखडते तेव्हा काय होतं, तेही बघ. एम्बार्गो म्हणजे काय ते शीक: कंपनी आठवडाभर आधी फोन देते, अट एवढीच की अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत बोलायचं नाही. त्यात वावगं काही नाही, उलट तपासायला वेळ मिळतो. ‘काय बोलायचं’ ही अट मात्र आली की फोन परत करायचा. चॅनल त्याच वेळी काढून ठेव, महिन्यातून एकच व्हिडिओ टाक.

प्रश्न: माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. रील करतो, पंधरा-सोळा हजार लोक बघतात म्हणे. एका कंपनीने त्याला इअरफोन पाठवले आणि सोबत मेसेज: ‘फक्त चांगलं बोल, जाहिरात आहे असं लिहू नको.’ ह्याचे बाबा म्हणतात पोलीस येतील. मला तर इअरफोन बरे वाटले. काय करू?
— एक आई, मडकई

उत्तर: पोलीस येणार नाहीत हो. पण तो मेसेज पाठवणारा तुमच्या मुलाला खड्ड्यात ढकलतोय, एवढं बाबांचं बरोबर.

जाहिरातींच्या स्वनियमनासाठी जी आस्की ही संस्था आहे तिने जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सूचना काढल्या. दोन्हींचं सार एकच: कंपनीकडून पैसे, फुकट वस्तू, सूट, सहल, हॉटेलातला मुक्काम, काहीही मिळालं असेल तर ते सांगायचं. सांगायचं म्हणजे दिसेल असं. वीस हॅशटॅगच्या गर्दीत कोंबलेलं चालत नाही. व्हिडिओ असेल तर लिहूनही दाखवायचं आणि बोलूनही. आणि ज्या भाषेत बोलतोय त्याच भाषेत. मुलगा कोंकणीत रील करत असेल तर ‘ही जायरात’ एवढं म्हटलं आणि लिहिलं की झालं. दिशाभूल करणारी जाहिरात ठरली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती करणाऱ्यालाही दंड आहे, १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय जाहिराती करायला वर्षभरापर्यंत बंदी येऊ शकते. हा दंड मडकईच्या मुलाला होईल असं मला वाटत नाही. पण कंपनी हात वर करेल हे मी लिहून देते, मी त्यांच्या बाजूने बसले आहे.

कराचंही एक आहे. जुलै २०२२ पासून कंपनीने वर्षात २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू भेट दिल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस भरावा लागतो. वस्तू वापरून परत केली तर ती भेट धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात. मोठ्या चॅनलवाल्यांनी ‘फोन कंपनीला परत गेला’ असं आवर्जून सांगायला सुरुवात केली त्यामागे नुसता प्रामाणिकपणा होता असं समजू नका.

मुलाला सांगा, कंपनीला उलट लिही: ‘जाहिरात आहे असं सांगून, जे वाटेल ते बोलेन. चालत असेल तर ठेवतो, नाहीतर पत्ता पाठवा, परत करतो.’ उत्तर येणार नाही, बहुतेक. मग आठवडाभराने इअरफोन खोक्यात घालून परत पाठवायचे. तुम्हाला बरे वाटले होते, ठाऊक आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. तीन वर्तमानपत्रं घेतो. पहिलं पान उलटलं की पुन्हा पहिलं पान येतं, कारण वरचं सगळं जाहिरात असतं. यूट्यूबवाल्यांना नावं ठेवतात, पण छापील मजकुरात तरी विकलेलं आणि लिहिलेलं वेगळं कुठे दिसतं? विश्वास कुणावर ठेवावा?
— माजी मुख्याध्यापक, पेडणे

उत्तर: सर, नमस्कार. तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. विश्वास माध्यमावर ठेवू नये, त्या त्या मजकुरावर ठेवावा, एवढंच मी म्हणेन, आणि याला आपल्याच देशातला एक उत्तम पुरावा आहे.

२०१५ मध्ये फेसबुकने भारतात इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं, नंतर त्याचं नाव फ्री बेसिक्स केलं. ठरावीक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. गरिबांना इंटरनेट, असं वरून गोंडस. पण कुठल्या साइट फुकट हे कंपनी ठरवणार. हे बारकाईने समजावून सांगितलं ते मोठ्या वर्तमानपत्रांनी नव्हे. निखिल पाहवा यांची मीडियानामा ही छोटी साइट, काही ब्लॉग, काही वकील आणि प्रोग्रॅमर, आणि मुंबईतल्या विनोदी कलाकारांचा एक व्हिडिओ. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने इंटरनेट सेवांवर मतं मागवली तेव्हा १० लाखांहून जास्त ईमेल गेल्या. वर्षाच्या शेवटी ट्रायने वेगवेगळ्या दरांबद्दल पुन्हा विचारलं, आणि त्यावर जगातल्या सगळ्यांत मोठ्या समाजमाध्यम कंपनीने काय करावं? वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि रस्त्यांवर होर्डिंगं लावली. माझ्या आईच्या घरी, फोंड्याला, तो अंक किती दिवस तरी पडून होता. नव्या माध्यमाची मालकीण जुन्या माध्यमात पैसे ओतते आणि तिच्या विरोधातली माणसं नव्या माध्यमात फुकट लिहितात, असं ते चित्र. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले.

तेव्हा छापलेलं म्हणून खरं नाही आणि मोबाइलवरचं म्हणून खोटं नाही. तुम्हाला तीन अंक वाचायचेच आहेत तर एक खेळ सुचवते. तंत्रज्ञानाच्या पानावरची बातमी घ्या आणि त्यात कंपनीच्या माणसाशिवाय दुसरं कुणी बोललंय का ते बघा. किमतीचा उल्लेख आहे आणि दोषाचा एकही नाही, तर ती प्रेस नोट. पानाच्या कोपऱ्यात बारीक टाइपात काही शब्द असला तर चष्मा लावून तो वाचा. ‘उपक्रम’, ‘विशेष विभाग’, ‘कंझ्युमर कनेक्ट’, विकलेल्या जागेला काय काय नावं देतात. आमच्या वेळी जाहिरात विभाग खालच्या मजल्यावर होता, वर यायला त्यांना निदान जिना चढावा लागायचा.

प्रश्न: पर्वरीत आमची सहा जणांची कंपनी आहे. बार आणि रेस्टॉरंटसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. मुंबईची पीआर एजन्सी महिन्याला दीड लाख मागते, ‘थॉट लीडरशिप’, म्हणजे या क्षेत्रातले जाणकार अशी आमची ओळख, करून देऊ म्हणते. घ्यावी? की स्वतः ब्लॉग लिहावा? कोण वाचणार?
— सॉफ्टवेअर व्यावसायिक, पर्वरी

उत्तर: दीड लाखात काय मिळतं ते मी सांगते, कारण मी ते विकलं आहे. महिन्याला दोन प्रेस नोटा. पहिल्या ओळीत ‘अग्रगण्य’. तिसऱ्या परिच्छेदात तुमचं अवतरण: ‘ही घोषणा करताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे.’ हे वाक्य मी इतक्या सीईओंच्या तोंडी घातलंय की प्रत्यक्षात कुणी तसं म्हटलं तर मी दचकेन. मग एक फाइल: कुठे कुठे छापून आलं त्याची कात्रणं. त्यातल्या निम्म्या साइट तुम्ही पहिल्यांदाच ऐकाल. कळंगुटचा बारवाला त्यातली एकही उघडत नाही.

स्वतः लिहिण्याचं सामर्थ्य मोठ्या कंपन्यांनी वीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. २००३ मध्ये रॉबर्ट स्कोबल मायक्रोसॉफ्टमध्ये लागला आणि कंपनीच्या पगारावर राहून कंपनीच्याच चुका ब्लॉगवर लिहू लागला. प्रतिस्पर्ध्याचं चांगलं असेल तर तेही लिहायचा. त्या काळी लोक मायक्रोसॉफ्टला राक्षस समजत, त्या राक्षसाच्या पोटात माणसं आहेत हे लोकांना त्याच्यामुळे दिसलं. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचा जोनाथन श्वार्ट्झ तर २००४ पासून स्वतः ब्लॉग लिहायचा. सीईओ झाल्यावर २००६ मध्ये त्याने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला विचारलं, की महत्त्वाची माहिती आम्ही आमच्या ब्लॉगवर जाहीर केली तर का चालू नये? नियामकाच्या अध्यक्षांनी उत्तर दिलं ते त्याच ब्लॉगखाली प्रतिक्रिया लिहून! २००८ मध्ये खरंच तशी वाट मोकळी झाली. आता हेही सांगायला हवं की सन पुढे ओरॅकलला विकली गेली. ब्लॉग उत्तम होता, धंदा नव्हता. ब्लॉगने धंदा उभा राहतो असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याचंही बिल मागा.

तुमच्यापाशी लिहायला काय आहे बघा. गोव्यातल्या बारच्या बिलात जेवणावर जीएसटी लागतो आणि दारूवर राज्याचा व्हॅट. एकाच टेबलाचं एकच बिल, दोन कर, दोन हिशेब. ‘चिकन कॅफ्रियाल आणि दोन फेणी यांचं बिल कसं छापायचं?’ हा तुमचा पहिला लेख. बिलाचा फोटो टाका, प्रत्येक ओळ समजावा. तुमचं सॉफ्टवेअर न घेणारालाही उपयोग व्हावा असा. दुसरा: ३१ डिसेंबरच्या रात्री बागा-कळंगुट पट्ट्यात नेट झोपतं तेव्हा बिलिंगचं काय होतं. तुमचं सॉफ्टवेअर तेव्हा अडकलं असेल, अडकलं असणारच, तर ते कधी, का, आणि आता काय बदललं ते लिहा. एजन्सी हा लेख तुम्हाला कधीच लिहू देणार नाही. गिऱ्हाईक नेमका तोच वाचून फोन करेल.

इंग्रजीत, मराठीत, जमल्यास कोंकणीत. कोण वाचणार? वाचतील शंभर-दीडशे. त्यातले वीस बारवाले असले तर तुमचं काम झालं. दीड लाखाचं एक सपोर्टचं माणूस ठेवा, रात्री फोन उचलणारं.

प्रश्न: ब्लॉग संपले का?
— एक वाचक, वास्को

उत्तर: पुष्कळसे. गुगलने १ जुलै २०१३ ला रीडर, म्हणजे सगळे ब्लॉग एकाच जागी वाचायची सोय, बंद केला, तिथे रोज पन्नास ब्लॉग चाळणाऱ्यांची सवय मोडली. आपल्या दिल्लीत वाढलेल्या ओम मलिकने अमेरिकेत उभं केलेलं गिगाओम हे तंत्रज्ञानाच्या बातम्यांचं संकेतस्थळ मार्च २०१५ मध्ये कर्जापायी बंद पडलं. आता तर शोधलं की गुगल वरच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर देतो, मूळ पानावर जातो कोण? पण आग्र्याच्या अमित अगरवालांनी २००४ मध्ये सुरू केलेला ब्लॉग अजून आहे, कारण एक्सेलमध्ये किंवा जीमेलमध्ये अडलेल्या माणसाला त्यात वाट सापडते. अडलेली माणसं आहेत तोवर काहीतरी राहील. नाव ब्लॉग असो नाहीतर आणखी काही.

प्रश्न: पाळोळेला होडी चालवतो, टुरिस्टांना डॉल्फिन दाखवतो. व्हिडिओत फोन पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवतात, काही होत नाही. दुकानातही सांगितलं, आयपी ६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) आहे, बिनधास्त. पस्तीस हजारांचा आहे. घेऊ ना?
— होडीवाला, काणकोण

उत्तर: वर म्हटलं होतं की फोन कुठला घ्यावा ते सांगणार नाही, पण तुमचा प्रश्न जाहिरातीचाच आहे म्हणून घेतला.

बादलीतलं पाणी नळाचं असतं. त्या आयपी आकड्याची चाचणीही गोड्या पाण्यात होते, प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या फोनवर. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल, अर्धा तास. ६८ मध्ये खोली कंपनी स्वतः जाहीर करते. तुमच्या होडीत येतं ते खारं पाणी, आणि खारं पाणी चार्जिंगच्या भोकात गंज आणतं. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने फोन समुद्रात नि तरणतलावात वापरतानाच्या जाहिराती केल्या होत्या, २०१६ ते २०१८ च्या दरम्यान. ओला फोन चार्जिंगला लावला तर भोक गंजू शकतं हे सांगितलं नव्हतं. तिथल्या ग्राहक आयोगाने कोर्टात खेचलं आणि जून २०२२ मध्ये कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. आपल्याकडच्या बहुतेक फोनांच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बसतच नाही. दुकानदाराला म्हणा, ‘बिनधास्त’ हे बिलावर लिहून दे.

घ्यायचाच असेल तर घ्या, पण खारं पाणी उडालं की गोड्या पाण्याने पुसून काढा, भोक खाली करून वाळवा, पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावू नका. आणि चावडीच्या बाजारात दीडेकशे रुपयांना गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी मिळते, ती आधी घ्या.